साचा तोच, धातू दुसरा

मामांना मी दोन नळ्यांचा फोटो दाखवला. कॉलेजात शिकवताना पडद्यावर लावतो त्यातलाच एक. एका नळीत कोकम सरबतासारखं लाल पाणी, दुसरीत नुसतं पाणी वाटावं असं स्वच्छ. दोन्हींत एकच प्रोटीन आहे, एकाच जिवाणूच्या एकाच जनुकावरून केलेलं, एवढं सांगून मी गप्प बसलो.

"मग ह्या एकात रंग घातलाय काय?"

"रंग नाही मामा. लाल नळीत लोखंड आहे. स्वच्छ आहे त्यात लोखंडाच्या जागी जस्त बसलंय."

"आणि आकार?"

"आकार जवळजवळ तोच."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांची चाळीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, करण्यात गेली. धातू बदलला की पॅटर्नची मापं बदलतात, हे त्यांच्या हाडात मुरलेलं आहे. बीड, म्हणजे कास्ट आयर्न, गार होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं. स्टील त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करायचा, आणि त्यासाठी मिस्त्रींकडे थोडी लांब आखलेली वेगळी पट्टी असते. बिडाची पट्टी स्टीलला लावली तर माल थेट भंगारात.

"लोखंडाच्या मापात जस्त बसतंय म्हणतोस," मामा म्हणाले, "खरं काम करतंय काय?"

(बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे वाक्यात असं आलेलं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. सत्याशी त्याचा संबंध नाही.)

मी वर्गात हा विषय तीन तासांत शिकवतो आणि मुलं तिसऱ्या तासाला जे विचारतात ते मामांनी पहिल्या मिनिटात विचारलं. म्हणून हा लेख त्यांच्याच प्रश्नाच्या वाटेनं लिहितो.

आधी लोखंड प्रोटीनमध्ये करतं काय, ते. आपल्या भागात हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. बोअरचं पाणी उपसलं की कित्येक ठिकाणी ते काचेसारखं स्वच्छ येतं, आणि बादलीत रात्रभर ठेवलं की सकाळी तळाला तांबूस गाळ. खोल जमिनीत हवा नसते. तिथलं लोखंड पाण्यात विरघळलेलं असतं, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत. वर आलं, हवा लागली, की ते तिसरा इलेक्ट्रॉनही देऊन टाकतं आणि गंजासारखं खाली बसतं. खानापूरच्या कौलांचा तांबडेपणा आणि जांबोटीच्या रस्त्यावरची तांबडी माती ही सगळी तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची करामत. लोखंडाचा स्वभाव असा: एक इलेक्ट्रॉन द्यायचा, परत घ्यायचा, पुन्हा द्यायचा. जिवाणूंना नेमका हाच स्वभाव हवा असतो. अन्नातून ऊर्जा काढणं म्हणजे शेवटी इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोचवणं, आणि त्या पोचवणाऱ्यांच्या रांगेत लोखंड धरून उभी असलेली पुष्कळ प्रोटीनं असतात.

आता जीआय पत्रा आठवा. त्यावर जस्ताचा थर असतो. दोन पावसाळे खाल्ले की पत्र्यावर पांढरी पूड धरते, पण ती पूड कधी तांबडी, कधी हिरवी असे रंग बदलत नाही. जस्तानं दोन इलेक्ट्रॉन दिले की संपलं. तिसरा ते देत नाही आणि दिलेले सहजासहजी परतही घेत नाही. कन्नडात लोखंडाला ‘कब्बिण’ आणि जस्ताला ‘सतु’ म्हणतात. माझ्या वर्गात दोन्ही भाषांची मुलं असतात, त्यांना मी एवढंच सांगतो की कब्बिण व्यवहार करतं, सतु बसून राहतं.

तर प्रश्न असा, की व्यवहार करणाऱ्याच्या खुर्चीवर बसून राहणारा आणून बसवला तर खुर्ची मोडते का?

एक लहानसं लाल प्रोटीन

फोटोतल्या प्रोटीनचं नाव रुब्रेडॉक्सिन. ‘रुब्र’ म्हणजे लाल. ते क्लॉस्ट्रिडियम पाश्चुरिआनम नावाच्या जिवाणूतून १९६५ साली वेगळं केलं गेलं. हा जिवाणू मातीत राहतो, हवा लागलेली त्याला चालत नाही. धनुर्वाताचा जिवाणू याच कुळातला, पण हा तसा निरुपद्रवी, उलट हवेतला नायट्रोजन मातीत आणणारा. चिखलणी होऊन पाणी भरलेल्या भाताच्या शेतात आत हवा उरत नाही. अशी बिनहवेची माती या कुळाला आवडते.

रुब्रेडॉक्सिन हे प्रोटीनांच्या जगातलं पोर म्हणावं इतकं लहान. ५४ अमिनो आम्लांची एक माळ. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये ५७४ असतात. या ५४ मण्यांत सिस्टीन नावाचे चार मणी महत्त्वाचे, कारण त्यांच्या टोकाला गंधक असतं. सहावा, नववा, एकोणचाळिसावा आणि बेचाळिसावा. माळ अशी वळते की हे चारही गंधक एका जागी समोरासमोर येतात आणि मधल्या पोकळीत लोखंडाचा एक अणू चार बाजूंनी धरतात. तीन पायांच्या तिवईवर मधोमध एक काठी उभी करा. तीन पायांची टोकं आणि काठीचं वरचं टोक, ही झाली चार गंधकांची जागा, लोखंड सांध्यात.

इथं फाउंड्रीची उपमा उलटी फिरते, हे मामांना पटवायला मला वेळ लागला. वाळूचा साचा धातू ओतण्याआधीही उभा असतो. रुब्रेडॉक्सिनमधून धातू काढून घेतला तर साचाच विस्कटतो, माळ सैल पडते. म्हणजे इथं धातूला साचा आकार देतो हे खरं, आणि साच्याला धातू धरून ठेवतो हेही तितकंच खरं. धातू बदलायची प्रयोगशाळेतली रीतही त्यावरच बेतलेली आहे. प्रोटीनला तीव्र आम्लात टाकायचं, लोखंड सुटतं, माळ साक्यासारखी खाली बसते. मग ती पुन्हा विरघळवायची, गंधकं एकमेकांना चिकटू नयेत याची काळजी घ्यायची आणि हवा तो दुसरा धातू द्यायचा. माळ त्या नव्या धातूभोवती पुन्हा वळते.

जस्ताचं रुब्रेडॉक्सिन मात्र पहिल्यांदा असं ठरवून केलेलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. ते आपोआप हाती आलं. क्लॉस्ट्रिडियम वाढवायला कटकटीचा, म्हणून त्याचं जनुक ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत घालून त्याच्याकडून प्रोटीन करून घेतलं. निघालेल्या मालात लालही आणि बिनरंगीही. ई. कोलायनं घाईघाईत हाताशी आलेला धातू बसवला होता, काहींत लोखंड, काहींत जस्त. फाउंड्रीत रात्रपाळीला भट्टीत चुकीचं भंगार पडावं तसं.

१९९६ साली या दोन्ही रूपांच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून त्यांची अणूअणूपर्यंत रचना काढली गेली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, आणि ही चित्रं सुमारे एक ते सव्वा अँगस्ट्रॉमपर्यंतचा तपशील दाखवणारी होती. प्रोटीनच्या मानानं हे अतिशय बारीक माप आहे. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की माळ जवळजवळ तंतोतंत जुळते. फरक फक्त मध्यभागी: लोखंडापासून गंधकापर्यंतचं अंतर २.३ अँगस्ट्रॉमच्या किंचित आत, जस्तापासूनचं २.३५ च्या आसपास. साडेतीन टक्क्यांच्या घरातला फरक.

हे आकडे सांगितल्यावर मामा हसले. "म्हणजे बीड आणि स्टीलमधल्यापेक्षाही मोठा फरक आहे की! आणि साचा काही म्हणत नाही?"

साचा म्हणतो, हळू आवाजात म्हणतो. चारही गंधकांच्या आजूबाजूला माळेतले हायड्रोजन गंधकाकडे तोंड करून असतात आणि त्यांची सौम्य ओढ गंधकांवर असते. त्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. लाल रुब्रेडॉक्सिनमध्ये लोखंडावर तीन धन भार असतो, जस्तावर मात्र दोनच. धातूचा भार कमी झाला की गंधकांवरचा ऋण भार उघडा पडतो आणि हे हायड्रोजन थोडे जवळ सरकतात. म्हणजे मधला धातू थोडा फुगला, तर बाहेरच्यांनी थोडं आत येऊन सावरून घेतलं. गंमत अशी की लोखंडानं एक इलेक्ट्रॉन घेतला आणि त्याचा भार तीनवरून दोनवर आला, की तेव्हाही हेच घडतं. जस्ताचं रुब्रेडॉक्सिन हा एका अर्थी इलेक्ट्रॉन घेऊन थबकलेल्या लोखंडाचा पुतळाच आहे. लोखंड त्या अवस्थेतून परत येतं, जस्त येत नाही. इलेक्ट्रॉन घेतलेल्या लोखंडाच्या रुब्रेडॉक्सिनचाही लाल रंग जवळजवळ उडतो, पण नळीला हवा लागू द्या, रंग परत. बोअरच्या बादलीसारखंच. जस्ताच्या नळीत कितीही हवा सोडा, पाणी ते पाणीच.

म्हणून मामांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: बसतं, आकार राखतं, काम मात्र शून्य. इलेक्ट्रॉनची ने-आण करायला ठेवलेला गडी, आणि त्याला हातच नाहीत.

जस्तावर कुणी थांबलं नाही. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याच रुब्रेडॉक्सिनमध्ये एकामागून एक कोबाल्ट, निकेल, गॅलियम, कॅडमियम आणि पारा बसवून प्रत्येकाची रचना काढली. कॅडमियम आणि पारा हे आकारानं दांडगे. त्यांचं गंधकापासूनचं अंतर अडीच अँगस्ट्रॉमच्या आसपास जातं. लोखंडाच्या मानानं हा दहा टक्क्यांच्या आसपासचा फरक. दहा टक्के चुकलेलं कास्टिंग घेऊन कुणी मशीन शॉपमध्ये गेला तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही. तरी माळेची एकूण घडी तशीच राहिली. फुगवटा होता तो धातूच्या शेजारच्या दोन वळणांत मावला. पाऱ्याला आणि कॅडमियमला गंधकाची इतकी ओढ असते की ते जागा करून घेतात. पारा आणि गंधक मिळून होणारा हिंगूळ आपल्या ओळखीचा आहेच.

निकेलची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. चार गंधकांमध्ये निकेलला मोकळं सोडलं तर त्याला बऱ्याचदा सपाट बसायला आवडतं, चौरंगाच्या चार कोपऱ्यांवर गंधक आणि मधोमध आपण. रुब्रेडॉक्सिन त्याला तसं बसू देत नाही, तिवईच्याच आकारात धरून ठेवतं. अवघडलेल्या या निकेलनं मग असं काम करून दाखवलं जे लोखंडाच्या रुब्रेडॉक्सिनच्या वाट्याला कधी नव्हतं: हायड्रोजन वायू तयार करणं. १९८८ साली डिसल्फोव्हिब्रिओ नावाच्या जिवाणूच्या रुब्रेडॉक्सिनवर हे दाखवलं गेलं. जिवाणूंकडे हायड्रोजनसाठी स्वतंत्र, मोठी, निकेल आणि लोखंड दोन्ही असलेली एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रोटीनं, असतात. हे पोरगं त्यांची नक्कल करायला लागलं, तीही मंद गतीनं. स्वच्छ इंधन म्हणून हायड्रोजनकडे बघणाऱ्यांना या पोरात आजही रस आहे.

कोबाल्टचं रुब्रेडॉक्सिन हिरवं दिसतं. ते मी मामांना सांगितलं नाही, नाहीतर विषय रंगावरच राहिला असता.

मापं तीच, तरी बंद

रुब्रेडॉक्सिनमध्ये जस्त काम करत नाही, कारण जस्ताला इलेक्ट्रॉनचा व्यवहारच येत नाही. हे समजायला सोपं. अवघड गोष्ट पुढची आहे: दोन्ही धातूंना व्यवहार येतो, दोन्ही त्याच जागी नीट बसतात, आणि तरी अदलाबदल केली की यंत्र बंद.

ऑक्सिजन वापरणाऱ्या प्रत्येक जिवाला एक डोकेदुखी असते. ऑक्सिजनचा रेणू मध्येच एखादा जादा इलेक्ट्रॉन घेऊन बिथरतो. त्याला सुपरऑक्साइड म्हणतात. तो पेशीत नासधूस करतो. त्याला शांत करणारं एन्झाइम म्हणजे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली हे काम पहिल्यांदा ओळखलं. ई. कोलायकडे याचे जे प्रकार आहेत त्यांतले दोन घ्या, एकात लोखंड, दुसऱ्यात मँगनीज. दोघं सख्खे भाऊ. आतली धातूची जागा बघितली तर ओळखू येऊ नये इतकी सारखी: हिस्टिडीन नावाची तीन अमिनो आम्लं, अ‍ॅस्पार्टेट नावाचं एक आणि एक पाण्याचा रेणू, असे पाच जण धातूला धरून. लोखंडाच्या घरात मँगनीज घातलं, किंवा उलट, तरी घर ढळत नाही. काम मात्र जवळपास थांबतं.

का? हे एन्झाइम एका सुपरऑक्साइडकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि दुसऱ्याला देतं. दोन्ही कामं जमायला हवीत. धातूनं इलेक्ट्रॉन फार घट्ट धरला तर देताना हात आखडतो. फार सैल धरला तर घ्यायलाच तयार होत नाही. मधली एक अरुंद जागा आहे, तिथंच यंत्र चालतं. आणि इथं लोखंड आणि मँगनीज स्वभावानं वेगळे. पाण्यात मोकळे असताना तिसरा इलेक्ट्रॉन गमावलेलं मँगनीज तो परत मिळवायला लोखंडाच्या मानानं फार हावरट असतं. आकड्यात सांगायचं तर लोखंडाचा विभव, म्हणजे ही हाव मोजायचं माप, सुमारे ०.७७ व्होल्ट, मँगनीजचा सुमारे १.५. म्हणून मँगनीजच्या घरातल्या प्रोटीननं ही हाव जोरात दाबून ठेवलेली असते. लोखंडाच्या घरात दाब हलका. आता मँगनीजच्या घरात लोखंड आणून बसवा: तेवढ्या दाबानं लोखंडाची इलेक्ट्रॉन घ्यायची इच्छाच मरते आणि ते तीन भारांवर गोठून राहतं. उलट केलं तर दाब अपुरा पडतो, मँगनीज घेतलेला इलेक्ट्रॉन सोडत नाही.

हा दाब येतो कुठून, हे शोधताना संशोधकांची नजर धातूला स्पर्शसुद्धा न करणाऱ्या एका अमिनो आम्लावर गेली, ग्लुटामाइनवर. ते पाण्याच्या त्या रेणूला हात लावून असतं, आणि पाणी धातूला. दोन्ही एन्झाइममध्ये ते माळेच्या अगदी वेगवेगळ्या ठिकाणाहून येतं, पण हात एकाच जागी पोचतो. मँगनीजच्या घरात तो हात पाण्याला जास्त जवळून धरतो. अंतरातला फरक क्ष-किरणांच्या चित्रात शोधावा लागतो इतका लहान, आणि परिणाम मात्र शेकडो मिलिव्होल्टचा.

रचनेत काहीच बदलत नाही असंही नाही. मँगनीजच्या घरात बसवलेल्या लोखंडाची रचना १९९८ साली काढली गेली, तेव्हा पाचांच्या जोडीला एक सहावा, हायड्रॉक्साइड, लोखंडाला येऊन चिकटलेला सापडला. ज्या वाटेनं सुपरऑक्साइडनं आत यायचं त्याच वाटेवर हा बसतो. बस स्टँडच्या दारातच कुणी पेटी ठेवून बसावं तसं.

याचा दवाखान्याशी संबंध आहे. गळवं करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू अंगात शिरला की आपलं शरीर त्याची धातूंची रसद तोडतं. कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रोटीन मँगनीज आणि जस्त पकडून ठेवतं. या जिवाणूकडेही दोन डिस्म्युटेज आहेत. एकाला मँगनीजच लागतं. दुसऱ्याला मँगनीजही चालतं आणि लोखंडही, आणि मँगनीज तुटलं की जिवाणू या दुसऱ्यावर निभावून नेतो. दोघांमधला फरक कशात आहे हे २०२० साली दाखवलं गेलं: धातूला न टेकणारी, जरा मागे उभी असलेली दोनच अमिनो आम्लं. ती अदलाबदल केली की धातूची आवडही बदलते.

मामांना मी हे असं सांगितलं: पॅटर्न दोन्हींचा एकच, फरक वाळूच्या ओलाव्यात. त्यांना ते लगेच कळलं. ओलाव्यानं किती माल जातो हे त्यांच्याइतकं मला माहीत नाही.

जिथं घडीच मोडते

आतापर्यंतची उदाहरणं सोज्वळ होती, नवा धातू आला आणि घर शाबूत राहिलं. सगळीकडे असं होत नाही. कित्येक जिवाणू-प्रोटीनांत लोखंड एकटं नसतं. चार लोखंड आणि चार गंधक यांचा एक छोटा घन असतो, आणि काही एन्झाइममध्ये त्या घनाचा एक कोपरा उघडा असतो. तिथं तांबं आलं की ते लोखंडाच्या जागी शहाण्यासारखं बसत नाही. गंधकाला पकडतं, लोखंड सुटून बाहेर पडतं, घन कोसळतो. ल्युसीन हे अमिनो आम्ल बनवण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम असं मोडतं, मग ई. कोलायची वाढ अडते. तांब्याचा विषारीपणा पेशीत नेमका इथं बसतो हे २००९ साली दाखवलं गेलं. देवघराशेजारी तांब्याची घागर ठेवणाऱ्या आजीला यातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत आहे, आणि माझ्या घरी प्लॅस्टिकचा फिल्टर आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा झाला तर आणखी वेगळं घडतं. काही एन्झाइममध्ये एकुलतं एक लोखंड सैलसर बसलेलं असतं, ते या माऱ्यात निघून जातं. रिकाम्या जागेत जस्त घुसतं आणि एन्झाइम जवळपास ठप्प होतं. ई. कोलाय त्यावर काय करतो? बाहेरून मँगनीज ओढून घेतो आणि ते तिथं बसवतो. मँगनीजनं काम लोखंडाइतकं चांगलं होत नाही, पण पेरॉक्साइडला ते दाद देत नाही. नेहमीचा गवंडी आजारी पडल्यावर बदली गड्यावर भिंत पुरी करून घ्यावी तसा प्रकार. लाइम रोग करणारा बोरेलिया बर्गडॉर्फेरी हा जिवाणू तर त्याही पुढे गेला. त्यानं लोखंड वापरणंच सोडून दिलंय आणि मँगनीजवर संसार करतो.

गॅलियमबद्दल थोडक्यात, कारण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. हा धातू हातावर घेतला तर वितळतो, ३० अंशांच्या आतच. त्याचा तीन भारांचा अणू आकारानं लोखंडाच्या तीन भारांच्या अणूशी जवळजवळ जुळतो. भुकेलेले जिवाणू लोखंड गोळा करायला जे रेणू बाहेर सोडतात, तेही फसतात आणि गॅलियमच घरात आणतात. आत आल्यावर ते लोखंडाच्या जागा अडवतं आणि इलेक्ट्रॉन घेत नाही. फुप्फुसात चिवटपणे राहणाऱ्या स्यूडोमोनास एरुजिनोसाविरुद्ध हा डाव २००७ साली प्रयोगशाळेत आणि उंदरांत यशस्वी ठरला, नंतर माणसांवरही छोट्या चाचण्या झाल्या. आकार जुळणं हेच इथं हत्यार झालं.

एवढं ऐकून मामांनी हिशेबी प्रश्न काढला. जस्त, तांबं एवढ्या सहज बसत असतील तर जिवाणूंची सगळीच लोखंडाची प्रोटीनं त्यांनी भरून कशी जात नाहीत? प्रश्न बरोबर आहे, कारण रसायनशास्त्राचा कौल त्यांच्याच बाजूनं आहे. आयर्विंग आणि विल्यम्स यांनी गेल्या शतकाच्या मध्यात मांडलेला क्रम असा: मँगनीज सर्वांत सैल धरलं जातं, मग लोखंड, कोबाल्ट, निकेल, आणि तांबं सर्वांत घट्ट, जस्त तांब्याच्या खाली, पण लोखंडाच्या वर. नुसत्या ओढीवर सोडलं तर लोखंड कायम हरणार. म्हणून जिवाणू स्पर्धाच होऊ देत नाही. जस्त आणि तांबं आत मोकळं जवळपास ठेवतच नाही. जादा आलं की पंप लावून बाहेर काढतो, आणि हे ओळखायला स्वतंत्र पहारेकरी प्रोटीनं असतात. लोखंड मात्र आत पुरेसं मोकळं ठेवतो. स्टोअरमध्ये चुकीचा माल नसेल तर भट्टीत तो पडणार कसा. ई. कोलायकडून परकं रुब्रेडॉक्सिन ढिगानं करून घेतो तेव्हा हीच शिस्त मोडते.

"मग आकारावरून कळत नाही म्हणतोस," मामा म्हणाले, "तर आत काय बसलंय हे ओळखायलात कसं?"

रंगावरून थोडं कळतं. पण सगळ्यांना रंग नसतो. क्ष-किरणांच्या चित्रात धातू एक ठळक गोळा दिसतो, आणि लोखंडाचे २६ इलेक्ट्रॉन, मँगनीजचे २५, यांतला फरक त्या गोळ्यावरून डोळ्यानं ओळखणं जवळजवळ अशक्य. जगभरच्या रचनांच्या साठ्यात धातूचं नाव चुकीचं पडलेल्या नोंदी आहेत त्या यामुळेच. खात्रीचा मार्ग असा की प्रत्येक धातू क्ष-किरण एका ठरावीक ऊर्जेला एकदम जास्त शोषतो. लोखंड सुमारे ७.१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला, मँगनीज ६.५ ला, जस्त ९.७ ला. किरणांची ऊर्जा हळूहळू वाढवत न्यायची आणि उडी कुठं येते ते बघायचं.

मामा उठले आणि चष्मा खाली घेतला. "म्हणजे आमच्या स्पेक्ट्रोसारखंच की. आम्ही पण ओतायच्या आधी चमच्यानं नमुना काढतोय, ठिणगी मारतोय, आणि आकडा आल्यावरच लॅडल हलवतोय." मग दारातून मागे वळून: "तुमच्याकडं मात्र ओतून झाल्यावर बघायलात."